हसरा प्रवास: कानाची आवड, डोळ्यांची आवड

मराठीत विनोदी प्रवासवर्णनाचा विषय निघाला की पहिले नाव पु. ल. देशपांडे यांचे येते आणि मतभेदही तिथूनच सुरू होतात. ‘अपूर्वाई’ (१९६०) कितीही वेळा वाचायला तयार असणारे वाचक ‘पूर्वरंग’मध्ये (१९६३) अर्ध्यावर रेंगाळतात. ‘वंगचित्रे’ हे पुलंचे सर्वांत पक्व प्रवासलेखन मानणाऱ्यांना ‘अपूर्वाई’तली गंमत जरा जास्तच वाटते. तिसरा वर्ग या दोघांहून मोठा आहे. त्याला पुलंची ‘म्हैस’ ही कथा ऐकून ऐकून जवळजवळ तोंडपाठ असते, पण या तिन्हींपैकी एकही पुस्तक त्याने शेवटापर्यंत वाचलेले नसते. एकाच लेखकाबद्दल, एकाच भाषेत, पुष्कळदा एकाच घरात अशी फाटाफूट होते. वय, शिक्षण किंवा परदेशवारी ही त्याची नेहमी दिली जाणारी कारणे मला अपुरी वाटतात. माझ्या मते हा फरक प्रवासातला विनोद आपण कोणत्या इंद्रियाने घेतो याचा आहे. काहींना तो ऐकायचा असतो, काहींना पाहायचा असतो. या दोन अपेक्षांची ताटातूट झाली म्हणूनच आज हा प्रकार छापील पानावर क्षीण झाला आहे.

या दोन्ही आवडींचे उत्तम नमुने मुंबईच्या एकाच उपनगराशी जोडलेले आहेत. पुलंचे बालपण जोगेश्वरी आणि पार्ल्यात गेले, पार्ले टिळक विद्यालयात ते शिकले. ‘साता समुद्रापलीकडे’ लिहिणारे गंगाधर गाडगीळ १९६४ ते १९७१ या काळात पार्ल्याच्याच नरसी मोनजी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. गाडगीळांचे ते पुस्तक १९५९ चे, म्हणजे ‘अपूर्वाई’च्या अगदी तोंडावरचे. दोघेही मुंबईच्या मध्यमवर्गातले, दोघेही विनोदाचे जाणकार. गाडगीळांच्या विनोदी कथांतला बंडू आजही वाचला जातो. तरी दोघांच्या परदेशाची चव वेगळी आहे. गाडगीळ समोरच्या माणसाकडे आणि स्वतःच्या प्रतिक्रियेकडेही थोडे मागे सरून पाहतात. त्यांचे हसू निरीक्षणातून येते आणि सावकाश उमगते. पुलंच्या पानावर मात्र आधी आवाज उमटतो. निघण्यापूर्वीची तयारी आणि चहूबाजूंनी येणारे सल्ले वाचताना प्रत्येक सल्लागाराची बोलण्याची ढब ऐकू येते. विलायत पुढे, कधीतरी येते. तोवर वाचक गिरगाव-दादर-पार्ल्याच्या आवाजांतच रमलेला असतो. पहिल्या वर्गाला हे हवेच असते आणि दुसऱ्या वर्गाला नेमके हेच अडते, कारण तो देश पाहायला आलेला असतो. ‘पूर्वरंग’मध्ये बाली आणि जपान यांच्याकडे पाहताना पुलंमधला रसिक पुढे सरसावतो, नकलाकार मागे राहतो. कानाचा वाचक तिथे एकटा पडतो.

ही कानाची आवड मराठीत आली कुठून? कीर्तनाची परंपरा तर आहेच, पण जवळचे कारण रंगमंचाचे आहे. ‘बटाट्याची चाळ’ १९५८ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि १९६१ पासून पुलंनी ती एकट्याने रंगमंचावर उभी केली. चाळकऱ्यांच्या सहलीचे ‘भ्रमणमंडळ’ हे मराठीतले प्रवासविनोदाचे एक अस्सल प्रकरण आहे आणि असंख्य लोकांना ते सभागृहातल्या हशासकट भेटले. पुढे शंकर पाटील, मिरासदार आणि माडगूळकर यांच्या कथाकथनाने हीच सवय गावोगावी पक्की केली. नंतर कॅसेट आल्या, आता मोबाइल आहे. बोरिवलीहून चर्चगेटला किंवा मुलुंडहून सीएसएमटीला उभ्याने जाणाऱ्या माणसाला पुस्तक उघडायला कोपरभर जागा मिळत नाही. कानात इअरफोन घालायला मात्र जागा लागत नाही. म्हणजे आपल्या उपनगरांतला विनोदाचा मोठा भोक्ता रोज प्रवास करतो आणि त्या प्रवासातच ऐकतो. डोळ्यांची परंपराही दुबळी नाही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे ‘सुदाम्याचे पोहे’ वाचूनच उलगडते. लघुनिबंधकार अनंत काणेकरांनी ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०) मधून माहितीच्या ओझ्याखाली वाकलेल्या प्रवासवर्णनाला प्रसन्न, खेळकर नजर दिली. फक्त या परंपरेला रंगमंच मिळाला नाही.

यावर पहिला आक्षेप नावीन्याचा. पुलं १९५८ च्या सुमारास बीबीसीत दूरदर्शनच्या प्रशिक्षणासाठी गेले, तेव्हा परकीय चलनाची चणचण होती आणि विलायत पाहिलेला माणूस शेजारात विरळा. लेखक वाचकाच्या वतीने जात असे, म्हणून त्याच्या बावरण्याला हसू येई. पुढे केसरी ही सहल कंपनी १९८४ मध्ये आणि वीणा वर्ल्ड २०१३ मध्ये सुरू झाली. सहकुटुंब युरोप पाहून आलेली मंडळी आता घाटकोपर-अंधेरीच्या प्रत्येक सोसायटीत सापडतात. मग परदेशात बावरलेल्या मराठी माणसाचे कौतुक कोणाला? आक्षेप वजनदार आहे, पण ‘म्हैस’पुढे तो टिकत नाही. कोकणातली एस.टी., रस्त्यात आडवी आलेली म्हैस, खोळंबलेले उतारू यांत श्रोत्याला नवे काहीच नसते. ‘भ्रमणमंडळा’तला मुंबई-पुणे प्रवास तर त्याहून परिचयाचा. विनोद अपरिचित स्थळावर अवलंबून असता, तर हे दोन्ही लेख केव्हाच विझायला हवे होते. दुसरा आक्षेप वयाचा: तरुण वाचत नाहीत, एवढेच हे प्रकरण आहे. पण ज्येष्ठांच्या घरीही पुलंच्या पुस्तकांपेक्षा ध्वनिमुद्रणे जास्त फिरली, आणि स्टोरीटेलसारख्या ध्वनिपुस्तकांच्या सेवेला २०१७ मध्ये भारतात आरंभ करताना मराठीलाही स्थान द्यावेसे वाटले, यामागेही ऐकण्याची ही जुनी ओढ आहे.

तिसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो, कारण तो आमच्या समीक्षकांच्या मनात न बोलता वसलेला आहे. ऐकायचा विनोद हलका आणि वाचायचा विनोद भारदस्त, असे तो मानतो. मार्क ट्वेनचे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. १८६९ च्या ‘द इनोसंट्स अब्रॉड’च्या आधीपासून तो व्यासपीठावर प्रवासाच्या हकिगती सांगत होता. जानेवारी १८९६ मध्ये तो मुंबईत येऊन वॉटसन हॉटेलात उतरला, तोही जगभरच्या व्याख्यानांच्या दौऱ्यात. बोलण्याच्या सवयीने त्याच्या वाक्यांना ठेका दिला, आणि पत्रकाराच्या नजरेने त्या ठेक्यात खरे दृश्य भरले. कान आणि डोळा एकाच वाक्यात कामाला लागतात तेव्हा या लेखनप्रकाराची उंची दिसते. ‘अपूर्वाई’ची उत्तम पाने तशी आहेत आणि ‘वंगचित्रे’ची तर पुष्कळच, तिथे हशा कमी असला तरी बंगाली माणसाचे बोलणे आणि वागणे एकत्रच समोर येते.

आज नेमकी हीच सांगड सुटली आहे. ऐकणाऱ्यांची गरज स्टँडअप, पॉडकास्ट आणि व्हिडिओ भागवतात. त्यांत चटपटीतपणा भरपूर आहे, पण पुष्कळदा स्थळ केवळ पडद्यासारखे मागे टांगलेले असते. पाहणाऱ्यांची गरज जाडजूड, माहितीपूर्ण पुस्तके भागवतात. मीना प्रभु यांनी ‘माझं लंडन’पासून पुढे तुर्कस्तान, इराण, मेक्सिकोपर्यंत फार मोठा पल्ला गाठला आणि त्यांच्या पानांत मिश्कीलपणा आहे. त्यांच्या वाटेने जाणाऱ्या अनेकांनी मात्र तपशिलाची जाडी घेतली आणि मिश्कीलपणा सोडला. विनोद आणि प्रवास या दोन्ही प्रकारांत अमाप लिहिणारे रमेश मंत्री १९९२ च्या कोल्हापूर साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले होते. त्यांच्यासारखा, वाचनालयात ज्याच्या पुस्तकाची वाट पाहिली जाते असा लेखक आज या प्रकारात दिसत नाही.

या तुटीचा सर्वांत स्पष्ट पुरावा सहा महिने मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेत राहून आलेल्या आजी-आजोबांच्या पुस्तकांत मिळतो. अशी पुस्तके उपनगरांत मोठ्या संख्येने लिहिली जातात, बरीचशी पदरमोड करून छापली जातात. ज्येष्ठ नागरिक संघाच्या कट्ट्यावर हीच मंडळी बोलायला लागली की लोक खळखळून हसतात: विमानतळावर मेतकुटाच्या डब्याची झालेली चौकशी, सुनेच्या मैत्रिणींपुढचे इंग्रजी, चालायला बाहेर पडले की रस्त्यावर एकही माणूस न दिसण्याची भीती. लिहायला बसल्यावर मात्र ‘प्रवासवर्णन म्हणजे माहिती’ हा समज हातातली लेखणी धरतो आणि पानांवर नायगाराची उंची, डिस्नेलँडचे क्षेत्रफळ आणि सुपरमार्केटची स्वच्छता उतरते. सामग्री आहे, सांगणाराही आहे, ऐकणारे तर आहेतच. नाही तो संपादक, जो हस्तलिखितातली नायगाराची दोन पाने काढायला लावील, मेतकुटाच्या डब्याची हकिगत आणखी चार पाने मागील, आणि ती हकिगत सांगताना अधिकाऱ्याचा चेहरा, रांगेतली माणसे, टेबलावर उघडलेली बॅग हे सगळे नीट पाहिले होते का, असे लेखकाला खोदून विचारील.