अ‍ॅनीचे अजाणपण

हार्वे कर्ट्झमन आणि विल एल्डर यांच्या ‘लिटल अ‍ॅनी फॅनी’चे दोन संग्रह मी वीसेक वर्षांपूर्वी प्रथम वाचले, तेव्हा पानोपानी हसलो होतो. यंदा पुन्हा वाचतानाही हसू आले; पण मध्येच अडकले. ते कुठे अडकले, एवढेच येथे पाहायचे आहे.

ही प्रौढांसाठीची चित्रमालिका १९६२ ते १९८८ या काळात ‘प्लेबॉय’ मासिकात येत होती. हॅरल्ड ग्रे यांच्या ‘लिटल ऑर्फन अ‍ॅनी’चे हे विडंबन. तिथला धनाढ्य डॅडी वॉरबक्स इथे शुगरडॅडी बिगबक्स होतो. जाहिरातवाले, सिनेतारे, पुढारी, सगळ्यांची टर उडवलेली आहे. एल्डरने चौकटी रंगवल्या त्या चित्रकाराच्या निगुतीने. कोपऱ्यांत पेरलेल्या फुटकळ गमतींना तो ‘चिकन फॅट’ म्हणे.

कथेचा साचा मात्र ठरलेला. भोळी अ‍ॅनी कुठेतरी जाते, पुरुष घोटाळू लागतात, कपडे उतरतात आणि तिला काहीच कळत नाही. हा उपहास त्या पुरुषांचा आहे, असे मी तेव्हा मानले होते. आता तसे ठामपणे म्हणवत नाही.

कारण अ‍ॅनीच्या आधी गुडमन बीव्हर होता. कर्ट्झमनच्या १९५९ च्या ‘जंगल बुक’मध्ये हा ध्येयवादी तरुण प्रकाशनसंस्थेत नोकरीला लागतो आणि शेवटी सहकाऱ्यांइतकाच बरबटतो. पुढे १९६२ मध्ये ‘हेल्प!’ मासिकातल्या एका गुडमनकथेत खुद्द ‘प्लेबॉय’च्या जीवनशैलीची खिल्ली होती. ती ह्यू हेफनरला आवडली. त्याच वर्षी गुडमनच्याच साच्यातून अ‍ॅनी निघाली, ती हेफनरच्या मासिकासाठी.

गुडमनचे भोळेपण मोडते, म्हणून त्याची किंमत आपल्याला कळते. अ‍ॅनीचे मोडणे परवडणारे नव्हते. तिला एकदा जरी कळले असते, तरी पुढचा भाग निघाला नसता. तिचे अजाणपण हा तिचा स्वभाव नाही, ती मासिकाची गरज आहे.

याला निव्वळ शरणागती म्हणणे अन्यायाचे होईल. १९५२ मध्ये ‘मॅड’ उभे करणाऱ्या या माणसाचे ‘ट्रम्प’ दोन अंकांत आटोपले होते, ‘हम्बग’ही टिकले नव्हते. घर चालवायचे होते. पण हेफनर प्रत्येक भागात बारकाईने लक्ष घाली. बाहेरून ज्या घरावर हसता आले, त्याच घरात राहून तसे हसता येईना.

आपल्या ‘आवाज’मधली खिडकीचित्रे आठवतात. खिडकीतून चावट दिसणारे चित्र पान उलटताच साधे निघते आणि चोरी पकडली जाते ती वाचकाची. अ‍ॅनीच्या मागे असे उलटायचे पान नाही. चौकटीतले पुरुष हास्यास्पद ठरतात. पान चाळणारा मात्र सहीसलामत सुटतो. माझे हसू अडकले ते इथे.

हे संग्रह जरूर वाचावेत. मात्र आधी ‘जंगल बुक’ वाचावे.