कवितेतला चैत्र आणि आपला काळ

फाल्गुन सरत आला की मराठीत कवितेचा हंगाम सुरू होतो. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, २१ मार्चला जागतिक कविता दिन आणि त्याच्या मागेपुढे पाडवा. गावोगावी कविसंमेलने भरतात. त्याच दिवसांत वर्तमानपत्राचे पहिले पान द्वेषाच्या भाषणांनी, पक्षफोडीने आणि अटकेच्या बातम्यांनी भरलेले असते. मग काही जण म्हणतात, अशा वेळी पळसाच्या फुलांवर कसले लिहिता? दुसरे बजावतात, कवितेत राजकारण आणू नका. दोघांनीही ऋतूला निव्वळ करमणूक मानलेले असते. मला हे मान्य नाही, आणि आपल्या साहित्याचा इतिहासही तसे सांगत नाही.

दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ चे. पुस्तक गद्य आहे, पण कवितेच्या वाचकांनी ते कवितेइतकेच जवळ केले. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत एकेक महिना त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. झाडे, फुले, ढग यांच्याबद्दल ऐकीव काही मानले नाही. याच दुर्गाबाई डिसेंबर १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष होत्या. आणीबाणी लागू होती, जयप्रकाश नारायण आजारी होते आणि स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. त्या व्यासपीठावरून दुर्गाबाईंनी जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. ‘ऋतुचक्र’ लिहिणारी आणि कराडला बोलणारी बाई एकच होती, याचे मला नवल वाटत नाही. पालवीचा रंगसुद्धा जी स्वतः पाहून ठरवते, ती ‘देशात सगळे आलबेल आहे’ हे सरकारच्या सांगण्यावरून कशी मानेल?

मराठीत ऋतूची कविता कधीच शांत काळाची वाट पाहत बसली नाही. बालकवींची निसर्गकविता बंगभंगानंतरच्या धगधगत्या वर्षांतली. ना. धों. महानोरांच्या ‘रानातल्या कविता’ १९६७ मध्ये आल्या, तेव्हा कोरडवाहू शेतकऱ्याचे रान मराठी कवितेच्या मध्यभागी आले. पाचच वर्षांनी नामदेव ढसाळांचे ‘गोलपिठा’ आले. त्यानंतर वसंतावर भाबडेपणाने लिहिणे अवघड झाले, कारण हा वसंत नेमका कोणाचा, हा प्रश्न उभा राहिला. वाहरू सोनवणे आणि भुजंग मेश्राम यांच्या कवितेने तो आणखी टोकदार केला. आदिवासी कवीला जंगल म्हणजे घर असते आणि हक्कही. इंद्रजित भालेराव, अजय कांडर, ऐश्वर्य पाटेकर यांनी आपापल्या मातीतून या प्रश्नाला उत्तरे दिली. मराठी ऋतुकवितेची ही खरी कमाई आहे.

आजचे चित्र मात्र दुभंगलेले आहे. पाडव्याला मोबाइलवर येणाऱ्या बहुतेक कवितांत कोकिळा, मोहर आणि पालवी ठरलेल्या जागी बसलेली असतात. कोणत्याही वर्षी, कोणत्याही गावी त्या चालतात. पळस आला की ज्वाला आणि निखारे आलेच. फुलांनी लगडलेल्या पळसावर त्या वेळी पान क्वचितच असते. काळपट, मखमली कळ्यांतून पोपटाच्या चोचीसारख्या वाकड्या पाकळ्या बाहेर येतात. मैना आणि बुलबुल त्यातला मध प्यायला भांडतात. हीच फुले भिजवून होळीचा रंग करत आणि पानांच्या पत्रावळी लावत. यातले काहीच न पाहता लिहिलेला पळस हा छापील पळस असतो.

गावाकडच्या चैत्रात तर याहून बरेच काही घडते. पाडव्याला सालगडी ठरतो. कारखान्यांचे गाळप आटोपले की ऊसतोडीच्या टोळ्या बिऱ्हाड गाडीत टाकून परततात. विहिरी तळाला जातात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने मराठवाडा-विदर्भातला उभा गहू आणि हरभरा आडवा झाला. ज्या कवितेत हा वसंत येतो, तिला राजकारण वेगळे आणावे लागत नाही. मजुरी, पाणी आणि नुकसानभरपाईच्या रूपाने ते ऋतूतच असते.

उलट, निषेधाची म्हणून लिहिली जाणारी बरीच कविता घोषणेपाशी थांबते. तिच्यात सत्ताधाऱ्याचे नाव असते, पण ज्याच्यावर अन्याय झाला त्याचे घर, त्याचे दार, त्याची संध्याकाळ नसते. टाळ्या मिळतात आणि निवडणूक झाली की कविता शिळी होते. छापील पळस आणि छापील संताप यांचा दोष एकच आहे: दोन्ही न पाहता लिहिलेले असतात.

दोष एकट्या कवींचा नाही. वसंत दत्तात्रेय गुर्जरांच्या ‘गांधी मला भेटला’ या कवितेवरचा खटला दोन दशके चालला आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कवीला त्यातून मोकळे केले नाही. जानेवारी २०१९ च्या यवतमाळ संमेलनाचे नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेतले गेले. तेव्हा अध्यक्ष अरुणा ढेरे, ज्या स्वतः कवयित्री आहेत, त्यांनी व्यासपीठावरूनच ते चुकीचे ठरवले. डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारने एका अनुवादाला जाहीर केलेला पुरस्कार रद्द केला. अशा घटना पाहिल्या की नवा कवी आपोआप सावध होतो आणि निरुपद्रवी कोकिळेकडे वळतो.

म्हणून वसंत साजरा करावाच, आणि तो नीट करावा. पाडव्याचे कविसंमेलन भरवणाऱ्यांनी कवीला विषय नेमून देऊ नये आणि एकदा दिलेले निमंत्रण कोणाच्या फोनवरून मागे घेऊ नये. संपादकांनी वसंत विशेषांकात ऊसतोडीच्या फडातली आणि जंगलातली कविता मागवावी. कवींनी आपल्या गल्लीतला कडुनिंब फुललेला पाहूनच त्यावर लिहावे. आपल्या गावचा चैत्र जसा दिसला तसा लिहिण्याची ज्याला सवय आहे, तोच उद्या सत्तेसमोर खरे बोलेल. ती सवय जपणे हे लोकशाहीचेही काम आहे.