तोंडातली मराठी, पानावरची मराठी

मुलांना मोठ्याने वाचून दाखवा, असे सांगणारे लेख आता सगळ्याच भारतीय भाषांत येतात. शब्दसंग्रह वाढतो, मूल एका जागी बसायला शिकते, दिवसभर बाहेर असलेले आईबाप त्याच्या वाट्याला येतात. यावर वाद घालण्याचे कारण नाही. माझी तक्रार वेगळी आहे. या लेखांत वाचणारा असतो, ऐकणारे मूल असते, उशी आणि पांघरूण असते. मजकूर तेवढा नसतो. कोणतेही पुस्तक मोठ्याने वाचता येते, असे जणू गृहीतच धरलेले. ते येत नाही. मराठीत का येत नाही, हे तपासायचे काम समीक्षेचे आहे, आणि बालसाहित्यावरच्या आपल्या समीक्षेने मूल्ये, संस्कार, मनोरंजन यांपलीकडे जाऊन ते फारसे केलेले नाही.

अगदी साधी गोष्ट घेऊ. छापील कथनात ‘त्याने दार उघडले, पण बाहेर कोणीच नव्हते’ असे वाक्य असते. घरात असे कोणी बोलत नाही. घरात ‘त्यानं दार उघडलं, पण बाहेर कुणीच नव्हतं’ असे ऐकू येते, किंवा प्रदेशाप्रमाणे त्याहूनही निराळे काही. लेखननियमांनी दोन्ही रूपांना जागा दिली आहे: कोणाचे बोलणे जसेच्या तसे द्यायचे असेल तर अनुस्वार, एरवी एकार. डोळ्यांनी वाचणाऱ्याला ही वाटणी सोयीची आहे. (हा लेखही एकारातच आहे, आणि तो कोणी मोठ्याने वाचणार नाही अशी माझी अपेक्षा आहे.) पंचाईत होते ती वाचून दाखवणाऱ्याची. एकार तसाच ठेवला तर आवाज बातम्यांचा होतो. तो मोडून वाचायचा तर प्रत्येक वाक्यात दोन-तीन ठिकाणी अनुवाद करावा लागतो. मराठी आईबाप हा अनुवाद रोज रात्री करत असतात आणि आपण काही करतो आहोत हे त्यांच्या गावीही नसते. मूल तीन वर्षांचे असेपर्यंत ते खपते. सहाव्या वर्षी ते अक्षरावर बोट ठेवून विचारते, इथे ‘ले’ आहे, तू ‘लं’ का म्हणतेस?

बंगाली वाचकाला हा प्रश्न ओळखीचा वाटेल. साधु आणि चलित भाषेचा झगडा तिथे उघड झाला, १९१४पासून ‘सबुज पत्र’मधून प्रमथ चौधुरींनी तो लढवला, आणि चलित भाषा जिंकली. त्याआधीच, १९०७मध्ये, दक्षिणारंजन मित्र मजुमदारांच्या ‘ठाकुरमार झुली’ने आजीच्या तोंडातली गोष्ट छापील पानावर आणली होती. तमिळमध्ये लेखी आणि बोली यांतले अंतर इतके मोठे आहे की वाचून दाखवणाऱ्याला ते विसरताच येत नाही. मराठीतले अंतर लहान आहे. एका मात्रेचे. लहान असल्यामुळेच त्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

मराठी घरात मोठ्याने वाचणे मुलांसाठी सुरू झाले नव्हते, हे इथे आठवायला हवे. चातुर्मासात किंवा अधिक महिन्यात पोथी लागे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला श्रीधराने रचलेल्या ‘हरिविजया’चे ३६, ‘रामविजया’चे ४० आणि ‘पांडवप्रतापा’चे ६४ अध्याय घराघरांत वाचले गेले ते अशा बैठकींत. वाचणारा बहुधा पुरुष, ऐकणाऱ्या बहुधा बायका, त्यांतल्या पुष्कळ निरक्षर; मुले आपली आईच्या मांडीवर, अर्धवट झोपेत. एक अध्याय म्हणजे एका बैठकीचे माप. ओवी वाचणाऱ्याला श्वास कुठे घ्यायचा ते सांगते, कारण तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा मोकळा, आखूड. वाचणारा अधूनमधून थांबून अर्थ सांगे, कोणी शंका विचारी, कोणी डोळे पुसून घेई. ‘पोथी वाचणे’ या शब्दांत थांबणे आणि समजावणे दोन्ही धरलेले होते. आज ज्याला आपण झोपतानाची गोष्ट म्हणतो, तिचा हेतू ऐकणाऱ्याला झोप यावी असा असतो. पोथीचा हेतू नेमका उलटा होता, आणि मला तो अधिक चांगला वाटतो.

बायकांकडे याच घरात दुसरा प्रकार होता: श्रावणातल्या कहाण्या. या कहाण्या पुढे छापल्या गेल्या, पातळ पुस्तिकांतून विकल्या गेल्या, आणि पूजेनंतर हातात पुस्तिका धरून वाचल्याही जाऊ लागल्या. त्यांची भाषा पाहावी. वाक्ये तीन-चार शब्दांची, क्रियापदे ‘होतं’, ‘केलं’, ‘सांगितलं’ अशी. धार्मिक मजकूर असूनही कोणी त्यांना एकारान्त केले नाही. मोठ्याने वाचण्यासाठी छापायचे तर कसे छापायचे, हे मराठीला ठाऊक होते. त्या पुस्तिका साहित्यात मोजायच्या नसतात असे ठरल्यामुळे बालसाहित्याने त्यांच्याकडून काही घेतले नाही.

आता ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी ती १९३३च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिली, १९३५मध्ये ती प्रसिद्ध झाली. तिच्यातली प्रकरणे प्रकरणे नाहीत, रात्री आहेत: पहिली रात्र, दुसरी रात्र, अशा बेचाळीस. आश्रमातली प्रार्थना झाली की श्याम मित्रांना आईची एकेक आठवण सांगतो. म्हणजे आधुनिक मराठीतले घराघरांत सर्वाधिक वाचून दाखवले गेलेले हे पुस्तक मुळात ऐकण्याच्या बैठकीचे पुस्तक आहे, पोथीच्या नात्यातले. एक रात्र, एक बैठक. मध्ये श्रोते बोलतात, रात्र सुरू होण्याआधी त्यांची कुजबुज असते. तरी कथनाची क्रियापदे लेखी आहेत. श्याम सांगतो, पण ‘सांगितले’मध्ये सांगतो.

हे पुस्तक मोठ्याने वाचायला घेतले की त्याचे दोन भाग आपोआप वेगळे होतात. आईचे बोलणे, कोकणातल्या घरातली खरकटी, पत्रावळी, कर्जापायी दारात येणारा माणूस, ‘अळणी भाजी’मध्ये मीठ नसलेली भाजी वडील एक शब्द न बोलता खातात तो प्रसंग, इथे आवाजाला काही करावे लागत नाही. वाक्ये स्वतःच चालतात. मग श्याम उपदेशाकडे वळतो, भारताकडे, सेवेकडे, मातृत्वाकडे, आणि उद्गारचिन्हे रांगेने येतात. वाचणारा इथे वेग वाढवतो. मूल कूस बदलते. गुरुजींवर भाबडेपणाचा आरोप समीक्षकांनी पुष्कळदा केला आहे; तो कुठे खरा आणि कुठे अन्यायाचा, याची सर्वांत प्रामाणिक नोंद वाचणाऱ्याच्या घशात होते. मौन वाचनात हा फरक पुसट राहतो, कारण डोळा उपदेशाचा परिच्छेद न वाचताही ओलांडू शकतो.

पण सगळीच अडचण शैलीची नाही. ‘देवाला सारी प्रिय’ या रात्री लाकडांची मोळी उचलायला म्हाताऱ्या महार बाईला कोणी हात लावत नाही, तेव्हा श्यामची आई त्याला मोळी तिच्या डोक्यावर द्यायला सांगते, आणि नंतर घरी येऊन अंघोळ करायलाही सांगते. आजचे मूल विचारते, अंघोळ का? वाचणाऱ्यापुढे तीन वाटा असतात. ते वाक्य गाळायचे, घाईने पुढे जायचे, किंवा पुस्तक मांडीवर उपडे ठेवायचे. पहिल्या दोन वाटा सुसंस्कृत घरांत फार वापरल्या जातात. माझ्या मते दोन्ही पुस्तकाशी अप्रामाणिक आहेत. त्या आईचे मोठेपण आणि तिची मर्यादा एकाच सूचनेत आहे, आणि हे वाक्य काढले तर उरते ती कॅलेंडरवरची आई. गुरुजींनी प्रश्न विचारणारे श्रोते पुस्तकातच बसवले आहेत. थांबणे ही त्या पुस्तकाची रीत आहे. अर्थात हा थांबा सगळ्या घरांत सारखा नसतो. ज्या घरात त्या म्हातारीचे नातलग राहतात, तिथे हे पान मोठ्याने वाचणे किंवा न वाचणे हा निर्णय त्या घराचा आहे, समीक्षकाचा नाही.

शांता गोखले यांनी या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद केला आहे. अनुवादक म्हणून मला कुतूहल वाटते ते एका गोष्टीचे. इंग्रजीत ‘केले’ आणि ‘केलं’ हा भेद करायला जागाच नाही. म्हणजे इंग्रजीत वाचून दाखवणारी व्यक्ती ज्या अडचणीत येत नाही, त्या अडचणीत मूळ भाषेतली आई रोज असते.

यातून बाहेर पडण्याचा रस्ता मराठीत कोणी दाखवला असेल तर माधुरी पुरंदरे यांनी. ‘राधाचं घर’ या त्यांच्या पुस्तकसंचाचे नावच पाहा. ते ‘राधाचे घर’ नाही. मुखपृष्ठावर, मुलाच्या बोटाखाली, तोच शब्द आहे जो आईच्या तोंडात आहे. बेकेटच्या ‘वेटिंग फॉर गोदो’चा मराठी अनुवाद केलेल्या लेखिकेला रंगमंचावर वाक्य कुठे अडखळते हे ठाऊक असणार; त्यांच्या मुलांच्या पुस्तकांतली वाक्ये तोंडात बसतात ती मला त्यामुळेच वाटतात. आणखी एक गोष्ट त्यांच्याकडून शिकण्यासारखी आहे. बोलीतले रूप घेतले म्हणून शब्द लहान घ्यावे लागत नाहीत. ‘वाचू आनंदे’मध्ये त्यांनी मोठ्यांच्या मराठी साहित्यातले उतारे मुलांपुढे ठेवले, अवघड शब्दांसकट. सोपी भाषा आणि बोलती भाषा या दोन गोष्टी आपल्याकडे सतत एक समजल्या जातात. स्वयंपाकघरातली मराठी बोलती असते, पण तिच्यात पाच-सहाशे शब्द पुन्हा पुन्हा फिरत असतात. पुस्तकाने तोंडाची लय घ्यावी आणि तोंडात नसलेले शब्द त्या लयीत आणून ठेवावेत.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत हे फार निकडीचे होते. बंगळूर, दिल्ली किंवा कोलकात्यात वाढणाऱ्या मुलाला मराठी शाळेत भेटत नाही, रस्त्यावर भेटत नाही. देवनागरी त्याला हिंदीतून येते. असे मूल ‘केलं’ वाचताना शेवटी नाकातून किंवा ‘म्’ लावून उच्चारते, कारण टिंबाचा अर्थ त्याने तसाच शिकलेला असतो. शेवटचा ‘अ’ किंचित लांबवायचा आहे हे अक्षर सांगत नाही. ‘चार चाके’ या दोन शब्दांत ‘च’ एकच दिसतो आणि दोनदा वेगळा उच्चारला जातो, हेही अक्षर सांगत नाही. हे कोणाच्या तरी आवाजातूनच कानात जावे लागते. म्हणून अशा घरात वाचून दाखवायचे पुस्तक मूल वाचायला लागले की संपत नाही. उलट तेव्हाच त्याची गरज वाढते.

या घरांत जी पुस्तके पोचतात, त्यांतली बरीच बहुभाषिक प्रकाशनांची असतात: एक चित्रमालिका, आठ-दहा भाषा, चित्राखाली तेवढीच जागा. त्यांनी मोठे काम केले आहे. तरी मराठी मजकूर मोठ्याने वाचला की शिवण दिसते. ‘पाऊस पडत असल्यामुळे मिनू बाहेर जाऊ शकली नाही’ अशा धर्तीचे वाक्य व्याकरणात चूक नाही. पण गोष्ट सांगणारी मराठी बाई म्हणेल, ‘पाऊस इतका, की मिनूला बाहेर जाताच येईना.’ ‘शकणे’ हे क्रियापद आपल्या अनुवादांत जितके येते तितके आपल्या बोलण्यात येत नाही. ‘येईना’, ‘जाईना’, ‘ऐकेना’ या रूपांत एक ताटकळणे आहे, आणि ऐकणाऱ्या मुलाला तेच तर हवे असते. संपादक हा मजकूर पडद्यावर तपासतात. कोणी तो उभे राहून, एखाद्या चुळबुळ्या पोरासमोर वाचून तपासत असेल तर मला अजून भेटलेले नाही.

लोककथा अनुवादायला घेतली की हा पेच घट्ट होतो. म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट बंगालीत उपेंद्रकिशोर रायचौधुरींच्या १९१०च्या ‘टुनटुनिर बोई’त आहे, तिथे भोपळ्याऐवजी दुध्या आहे. इराणमध्येही तिचे भावंड आहे. प्रत्येक भाषेने घरंगळण्याचा आपापला आवाज शोधला, दुसरीकडून उसना घेतला नाही. काऊ-चिऊच्या गोष्टीत कावळ्याचे घर शेणाचे आणि चिमणीचे मेणाचे. कोणतीही चिमणी मेणाचे घर बांधत नाही. तिला ते मिळाले, असे मला वाटते, ते केवळ ‘शेण’ला यमक हवे होते म्हणून, मग पाऊस आला, शेण वाहून गेले, मेण राहिले, आणि एका यमकातून पुढची सगळी गोष्ट निघाली. हिंदीत गोबर आणि मोम. कन्नडमध्ये काय, बंगालीत काय? हा अनुवाद माझ्याकडे आला तर मी मेण सोडेन आणि यमक ठेवेन, चिमणीला त्या भाषेत जुळेल त्या वस्तूचे घर बांधून देईन. यावर संपादकांचे म्हणणे काय असेल तेही मला माहीत आहे. चित्रे आधी होतात. मेणाचे घर रंगवून छपाईला गेलेले असते.