रेघेतली भूमी : जिव्या सोमा म्हसे यांची चित्रे आणि आपण

निसर्गचित्र आणि कथाचित्र हे चित्रकलेचे दोन स्वतंत्र प्रांत आहेत, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. निसर्गचित्रकार वही व रंगपेटी घेऊन नदीकाठी बसतो. कथाचित्रकार घरात बसून पुस्तकासाठी राजा, राक्षस आणि पऱ्या रेखाटतो. एकाची निष्ठा डोळ्यांनी पाहिलेल्यावर, दुसऱ्याची कानांनी ऐकलेल्यावर. या दोन निष्ठा एकाच हातात नांदू शकतात काय? हा प्रश्न चित्रकारांपुरता मर्यादित आहे असे आम्हाला वाटत नाही. ज्या भूमीवर आपण राहतो ती आपल्या मुलांना दिसते की नाही, याच्याशी त्याचा निकट संबंध आहे. म्हणूनच वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे (१९३४-२०१८) यांच्या कलेच्या आधारे त्याचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रत्यक्ष स्थळी बसून चित्र काढण्याची आपली परंपरा मोठी आहे. मुंबईत १८५७ साली सुरू झालेल्या जे. जे. कलाशाळेने यथार्थदर्शनाचे शिक्षण दिले आणि महाराष्ट्राला अनेक समर्थ निसर्गचित्रकार मिळाले. कोल्हापूरचे आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) हे त्यांतील एक अग्रणी. कोटितीर्थाच्या परिसरातील पाणी, झाडे आणि बदलता उजेड त्यांनी निष्ठेने रंगविला. या पद्धतीत एक नम्रता आहे. समोरचे झाड जसे आहे तसे आधी मान्य करावे लागते. परंतु तिला एक मर्यादाही आहे. चित्रकार एका जागी, एका प्रहराशी बांधलेला असतो. पाणवठ्यावर आलेली स्त्री त्याच्या चित्रात बहुधा रंगाचा एक ठिपका होऊन राहते. तिच्या मनातली गोष्ट त्या ठिपक्यात मावत नाही.

वारली चित्रांचा उगम याहून अगदी निराळा आहे. डहाणू-तलासरीकडच्या पाड्यांवर लग्नप्रसंगी सवाशिणी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहीत आणि त्यात पालघट देवीची स्थापना होई. चित्र हा विधीचा भाग होता आणि तो स्त्रियांकडे होता. जिव्या म्हसे यांनी विधीच्या बाहेर, रोजच्या रोज चित्रे काढण्यास आरंभ केला. लहानपणी आई गेल्यावर ते दीर्घकाळ अबोल झाले होते आणि मातीत रेघा ओढून मनातले सांगत असत, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्यासारख्या जाणत्या कलावंताने ही चित्रे शहरी रसिकांपुढे आणली. १९७६ साली म्हसे यांना राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ साली पद्मश्री मिळाली.

गेरूने वा शेणाने सारवलेल्या कापडावरची त्यांची पांढरी चित्रे पाहताना प्रथम जाणवते ती क्षितिजाची अनुपस्थिती. येथे जवळचे मोठे आणि दूरचे लहान असा नियम नाही. शेत, वारूळ, पाड्यावरची झोपडी, ताडावर चढणारा माणूस आणि तारप्याभोवती वळसा घेणारी नाचणाऱ्यांची रांग ही सारी एकाच वेळी, एकाच महत्त्वाने समोर येतात. मासेमारीच्या जाळ्याचे त्यांचे चित्र घ्या. बारीक रेघांनी विणलेले प्रचंड जाळे कापडभर पसरते आणि क्षणभर वाटते, चित्रकाराने पाण्याचीच वीण दाखविली आहे. हे एखाद्या स्थळी तासभर बसून टिपलेले दृश्य नव्हे. आयुष्यभर त्या वाटांनी चाललेल्या पायांनी ते साठविलेले आहे. त्यामुळे कणसरी ही धान्यदेवता जेव्हा वारली कथेतून चित्रात येते, तेव्हा ती परकी वाटत नाही. ज्या शेतात भात पिकतो त्याच शेतातून ती आलेली असते.

या वैशिष्ट्याची कसोटी २००३ साली लागली. भूमीवर चालणे हीच ज्यांची कला, ते इंग्रज कलावंत रिचर्ड लाँग वारल्यांच्या प्रदेशात आले आणि जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे दोघांच्या कलाकृती एकत्र मांडल्या गेल्या. १९६७ साली गवतावरून पुन्हापुन्हा चालत लाँग यांनी उमटविलेली सरळ रेघ कलेच्या इतिहासात गाजली आहे. दोघांचेही साधन साधी रेघ आणि माती. तरीही भेद मोठा आहे. लाँग यांच्या भूमीत निवांतपणा आहे. माणूस तेथून निघून गेलेला असतो, उरते ती त्याची पाऊलखूण. म्हसे यांच्या भूमीत माणूस, मुंगी आणि देव यांची सतत वर्दळ आहे. लाँग यांच्या कलेचे मोठेपण आम्ही मान्य करतो. तथापि भूमीला गोष्ट असते, हे म्हसे यांच्याकडूनच शिकावे लागते.

येथे एक खंतही नोंदविली पाहिजे. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन लाभले, ही समाधानाची गोष्ट. परंतु लग्नपत्रिका, कपबश्या आणि साड्यांचे काठ यांवर आज जे त्रिकोणी देह नाचतात, त्यांत बहुतेक वेळा ना शेत असते ना कथा. आकार उचलला, भूमी मागे राहिली. अशी चित्रे नक्षी म्हणून चालतील. कथाचित्रे म्हणून ती पोकळ आहेत.

हे सारे जळगाव जामोदच्या वाचकांना दूरचे वाटू नये. येथून उत्तरेला पाहावे तर सातपुडा उभा आहे. सागाची, सालईची आणि पळसाची राने आहेत. जामोद, सोनबर्डी, चालठाणा या परिसरात निहाली ही भाषा बोलली जाते. जगातील कोणत्याही भाषाकुलाशी तिचे नाते अभ्यासकांना निश्चितपणे जोडता आलेले नाही आणि ती बोलणारे उरले आहेत अवघे काही हजार. त्या भाषेत डोंगरांविषयी, जनावरांविषयी आजी-आजोबा काय सांगतात, हे कोणी ऐकावे? आणि ऐकून कोणी रेखाटावे? भाषा विरली की तिच्यातली गोष्ट विरते, आणि गोष्ट विरली की डोंगर नुसता डोंगर उरतो.

आपल्या ख्रिस्ती घरांतही या प्रश्नाचा एक धागा येतो. नाताळात मुले भेटकार्डे रंगवितात, तेव्हा त्यांवर बर्फ आणि सूचिपर्णी वृक्ष उमटतात. गोव्याचे अँजेलो दा फोन्सेका (१९०२-१९६७) शांतिनिकेतनात शिकले, पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून त्यांनी साडी नेसलेली पवित्र मरिया रंगविली, आणि त्यासाठी स्वकीयांची टीकाही सोसली. प्रभूच्या जन्माची कथा आपल्या भूमीत उतरू शकते, हे त्यांनी दाखवून दिले. त्या वाटेवर पुढचे पाऊल मुलांनी टाकावयाचे आहे.

त्यासाठी मोठी साधने लागत नाहीत. धर्मग्रामातील पालकांनी सुटीच्या दिवशी मुलांच्या हाती एक वही आणि पेन्सिल देऊन त्यांना डोंगरपायथ्याशी न्यावे. झाड जसे आहे तसे त्यांना काढू द्यावे. मग तेथल्याच एखाद्या वयोवृद्ध माणसाकडून त्या झाडाची, त्या टेकडीची गोष्ट ऐकवावी आणि तेच चित्र पुन्हा काढावयास सांगावे. पहिल्या व दुसऱ्या चित्रांत जो फरक पडेल, त्याचीच चर्चा आम्ही येथे केली आहे.