टक्केवारी वाचण्याआधी छेद बघा

पाणीपुरवठ्यावर किंवा ड्रेनेजवर प्रबंध लिहायचा म्हटलं की आपण सगळ्यात आधी सेवास्तर मापदंडांचा तक्ता उघडतो. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने 2008 साली त्याची पुस्तिका काढली. पाण्यासाठी नऊ निर्देशांक, सांडपाण्यासाठी नऊ, आणि प्रत्येकापुढे उद्दिष्ट: माणशी रोज 135 लिटर, 24 तास पुरवठा, 100 टक्के मीटर, बिनमहसुली पाणी 20 टक्के, बिलवसुली 90 टक्के. शहराचा आकडा उद्दिष्टाशेजारी ठेवायचा, तफावत काढायची, की झालं एक प्रकरण तयार! पुस्तिका टाकाऊ नाही. पण आपण ती वापरतो ती रीत कच्ची आहे, आणि एका जागी पुस्तिकाच अपुरी पडते. दोन्ही गोष्टी कोल्हापूरवरून बघू.

आधी आपली रीत. पुस्तिकेत प्रत्येक आकड्याला विश्वासार्हतेची श्रेणी द्यायला सांगितलंय, 'अ' ते 'ड'. 'अ' म्हणजे प्रत्यक्ष मोजलेलं, 'ड' म्हणजे जवळजवळ अंदाज. आपण आकडा उचलतो आणि श्रेणी तिथेच सोडून देतो. तेराव्या वित्त आयोगाने कामगिरी अनुदानासाठी ज्या अटी घातल्या, त्यात हे मापदंड जाहीर करणंही होतं. म्हणजे आकड्यामागे पैसा आला. ज्या आकड्यावर पैसा अवलंबून आहे, तो कुणी आणि कसा काढला, हे विचारायलाच हवं.

आता हिशेब. सांडपाणी किती तयार होतं हे बहुतेक ठिकाणी मोजत नाहीत. वापरलेल्या पाण्याच्या 80 टक्के धरतात. एक काल्पनिक शहर घ्या. रोज 100 भाग पाणी सोडलं, 60 भागांचं बिल झालं, 40 भाग बिनमहसुली. त्या 40 चं काय झालं? सगळं जमिनीत मुरलं असेल तर वापर 60, सांडपाणी 48. चोरून किंवा बिघडलेल्या मीटरमागे वापरलं गेलं असेल तर वापर 100, सांडपाणी 80. प्रक्रिया केंद्राची क्षमता 50 असेल तर पहिल्या हिशेबात ती 104 टक्के, म्हणजे गरजेपेक्षा जास्तच. दुसऱ्यात 62.5 टक्के. केंद्र तेच, नाला तोच. फक्त छेद बदलला आणि एका शहराची दोन शहरं झाली.

गळती नेमकी किती, हे मुंबईच्या अभियंत्यांनाही छातीठोकपणे सांगता येत नाही. निखिल आनंद यांनी 'हायड्रॉलिक सिटी' या 2017 च्या पुस्तकात ते चांगलं दाखवलंय. पण त्या पुस्तकाचा भर घरात येणाऱ्या पाण्यावर आहे. कोल्हापूर आपल्याला बाहेर जाणाऱ्या पाण्याकडे बघायला लावतं.

2023 च्या दिवाळीत काळम्मावाडीचं पाणी थेट पाईपलाईनने पुईखडीला पोहोचलं. कित्येक वर्षांची मागणी होती, आनंद होणारच. मापदंडांच्या भाषेत माणशी लिटर वाढले की पाण्याचा तक्ता सुधारतो. पण त्याच वापराने सांडपाण्याचा छेदही वाढतो. शिवाय धरण आहे दूधगंगेवर. ती कागलकडून पुढे जाऊन कृष्णेला वेगळीच मिळते. शहराचा उतार मात्र पंचगंगेकडे. जयंती आणि दुधाळी नाले तिकडेच जातात. थोडक्यात, पाणी एका नदीचं आणि सांडपाणी दुसऱ्या नदीत. कसबा बावडा आणि दुधाळी इथे प्रक्रिया केंद्रं आहेत. तरीही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत पंचगंगा आहेच.

इथे पुस्तिका अपुरी पडते. तिचं एकक नगरपालिका किंवा महापालिका आहे. महापालिका कायद्याच्या कलम 129 मध्येही मालमत्ता कर, म्हणजे आपला घरफाळा, पाणीपट्टी आणि मैलासफाईचा कर यांना एकत्र बांधतो. करदाता हद्दीतला, सेवा हद्दीतली. नाल्याला हद्द कुठली? उचगाव, पाचगाव, कळंबा ही गावं शहराला चिकटून वाढली. तिथल्या घराची पाणीपट्टी ग्रामपंचायतीच्या नाहीतर जीवन प्राधिकरणाच्या वहीत असू शकते. सेप्टिक टँकचं पाणी कुणाच्याच वहीत नसतं. महापालिकेच्या तक्त्यात ते घर ना अंशात, ना छेदात.

आणि खाली शिरोळ तालुका. पंचगंगेचं पाणी इचलकरंजीवरून शिरोळकडे जातं आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळतं. शहराच्या आकड्याची चूक शेवटी तिथल्या काठावर पोहोचते. पण 80 टक्के तक्रारी सोडवण्याचं जे उद्दिष्ट आहे, त्यात त्या गावांची तक्रार मोजलीच जात नाही, कारण ती ग्राहक नाहीत. बिल येत नाही म्हणून तक्रारही नाही! एखादं शहर सगळे 18 निर्देशांक पूर्ण करेल आणि हद्दीबाहेरच्या वस्तीचं पाणी तरीही नदीत जात राहील. मापदंड त्याला नापास करणार नाही.

यावर कुणी म्हणेल, महापालिकेने हद्दीबाहेरचा हिशेब का द्यायचा? तिचा अर्थसंकल्प तिच्या करदात्यांचा आहे. हा आक्षेप रास्त आहे. पण तो महापालिकेला लागू होतो, संशोधकाला नाही. आपलं एकक आपण निवडायचं असतं.

म्हणून प्रस्ताव लिहिताना तीन कामं करा. आकड्यासोबत त्याची श्रेणी लिहा. बिनमहसुली पाण्याचे तीन भाग वेगळे मागा: बिलाविना दिलेलं (सार्वजनिक नळासारखं), चोरी आणि मीटरच्या चुका, खरी गळती. मिळाले नाहीत तर वरच्यासारखी दोन टोकं मांडा, एकच आकडा छापू नका. आणि नकाशा वॉर्डांचा नको, नाल्यांचा काढा. जयंती नाल्याला कुठल्या कुठल्या वस्तीचं पाणी मिळतं आणि त्यातल्या कुणाला कुठलं बिल येतं, एवढं जरी नीट मांडलंत, तरी ते तफावतीच्या शंभर तक्त्यांपेक्षा शिरोळच्या माणसाच्या जास्त उपयोगी पडेल.