'सैनिकांच्या पाल्यांना' : एका षष्ठीचा विचार

मिरा-भाईंदर येथे स्थायिक झालेल्या माजी सैनिकास शासनाची शिक्षणविषयक सवलत मागावयाची झाल्यास त्याचा संबंध ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी येतो. अशा सवलतींच्या कागदोपत्री 'माजी सैनिकांच्या पाल्यांना' हा शब्दसमूह पुनःपुन्हा आढळतो. वाचणारा तो सहज ओलांडून पुढे जातो. वस्तुतः या सवलतींची मुख्य मर्यादा त्याच्याच रचनेत उघड झालेली आहे.

षष्ठीस वैयाकरण कारकांत स्थान देत नाहीत. तिचा संबंध नामाशी असतो, क्रियेशी नसतो. 'सैनिकांच्या पाल्यांना शिष्यवृत्ती दिली जाते' या वाक्यात देण्याच्या क्रियेशी नाते आहे ते चतुर्थीतील पाल्याचे. सैनिक केवळ त्या पाल्याची ओळख पटविण्यापुरता येतो. 'पाल्य' म्हणजे ज्याचे पालन करावयाचे तो. इंग्रजी 'वॉर्ड' या शब्दाचा हा पर्याय असल्याने दोष एकट्या मराठीचा नव्हे. (मिरा-भाईंदरच्या नागरिकास 'वॉर्ड' म्हणताच नगरसेवक आठवावा, हा भाग निराळा.) 'माजी' हे विशेषण तर अरबीतील, तेथील व्याकरणात भूतकाळाची संज्ञाच ती आहे. साधा शिपाई बहुधा पस्तिशी-चाळिशीत सेवानिवृत्त होतो. पुढे वीस-पंचवीस वर्षे काम करू शकणाऱ्या मनुष्यास ही भाषा अर्धी भूतकाळात आणि अर्धी षष्ठीत बसविते.

यावर, शब्दांचा एवढा कीस कशासाठी, असा आक्षेप येणे स्वाभाविक आहे. म्हणून योजनांकडेच वळावे. २००६-०७ पासून चालू असलेली पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना माजी सैनिकांची मुले आणि त्यांच्या विधवा यांच्यासाठी आहे. २०१९ साली तिची मासिक रक्कम मुलांसाठी २,००० वरून २,५०० रुपये आणि मुलींसाठी २,२५० वरून ३,००० रुपये करण्यात आली. संरक्षणमंत्र्यांच्या कल्याणनिधीतून मिळणारे शिक्षण-अनुदान हवालदारापर्यंतच्या हुद्द्यांसाठी असून तेही दोन अपत्यांना, अथवा पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विधवेस मिळते. २०२५ साली ते दरमहा १,००० वरून २,००० रुपये झाले. या वाढींचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही; मुलाचे शिक्षण हीच पुष्कळ सैनिकांची पहिली चिंता असते. परंतु पत्नी शिकू शकते ती विधवा झाल्यावर, मूल शिकू शकते ते पाल्य म्हणून, आणि जिवंत सैनिक मात्र या दोन्ही योजनांत विद्यार्थी म्हणून कोठेही येत नाही.

त्याच्या वाट्याला येते ते 'प्रशिक्षण'. पुनर्वसन महासंचालनालय निवृत्तीच्या सुमारास निरनिराळे अभ्यासक्रम चालविते व ते उपयुक्तही आहेत. मात्र शिक्षण मुलास आणि प्रशिक्षण बापास, ही वाटणी शब्दांनी निमूटपणे स्वीकारलेली आहे. माजी सैनिकांच्या पुनर्नियुक्तीच्या नियमांत १९८६ साली अशी तरतूद झाली की, पंधरा वर्षे सेवा केलेला मॅट्रिक सैनिक पदवीची अट असलेल्या, तांत्रिक अनुभव आवश्यक नसलेल्या गट 'क' च्या राखीव पदांसाठी पात्र समजावा. ही तरतूद उदार आहे, पण तिचे स्वरूप विलक्षण आहे. तीत पदवीची अट शिथिल होते, पदवी मिळत नाही.

अमेरिकेत २२ जून १९४४ रोजी संमत झालेल्या कायद्याने परतलेल्या सैनिकास स्वतःसच महाविद्यालयाचे दार उघडून दिले. १९४७ साली तेथील महाविद्यालयीन प्रवेशांपैकी ४९ टक्के प्रवेश माजी सैनिकांचे होते. कृष्णवर्णीय सैनिकांना त्या लाभापासून मोठ्या प्रमाणावर दूर ठेवण्यात आले, हे विसरता येत नाही. तथापि त्या कायद्यातील सैनिक चतुर्थीत होता, एवढे मान्य करावे लागते.

'अवलंबित' ही या परिभाषेतील आणखी एक संज्ञा. ती किती अपुरी पडते याचे उदाहरण मिरा रोड येथेच आहे. ७ ऑगस्ट २०१८ रोजी काश्मीरमधील गुरेझ भागात तेथील मेजर कौस्तुभ राणे यांना वीरमरण आले. त्यांच्या पत्नी कनिका राणे यांनी चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत शिक्षण पुरे केले आणि २०२० साली त्या लेफ्टनंट म्हणून सैन्यात दाखल झाल्या. सैनिकांच्या विधवांसाठी प्रवेशाची वाट उपलब्ध होती म्हणून हे घडू शकले. परंतु अवलंबित म्हणून ज्यांची नोंद व्हावयाची, त्या स्वतःच सैनिक झाल्या. या स्थित्यंतरास परिभाषेत शब्द नाही. 'वीरपत्नी' हा गौरवाचा शब्दही पुन्हा नात्यानेच ओळख सांगतो.

शब्दाने योजना घडविली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. योजनेतील उणीव डोळ्यांआड ठेवण्याचे काम मात्र तो करतो, आणि ही उणीव आता निकडीची होत आहे. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर अधिकात अधिक पंचवीस टक्के अग्निवीर कायम होतात. २०२२ च्या अखेरीस दाखल झालेल्यांची मुदत २०२६ च्या अखेरीस भरते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने त्यांच्यासाठी पदवी-अभ्यासक्रम आखला असून सेवेतील प्रशिक्षणास त्यात निम्मे श्रेयांक दिले आहेत. येथे प्रशिक्षणाचे शिक्षणात रूपांतर होते. परंतु अग्निवीरास माजी सैनिकाचा दर्जा नाही. बावीस-तेवीस वर्षांचा, बहुधा अविवाहित असा हा तरुण ठाण्याच्या कार्यालयात गेला, तर 'माजी सैनिकांच्या पाल्यांना' या शब्दसमूहातील एकही पद त्याला लागू पडणार नाही.