लहान मोटारी आणि जीर्णोद्धाराची मर्यादा

मोठ्या माणसानें खेळण्यांत रमावें हें आमच्या समाजास अजून नीटसें रुचत नाहीं. दिवाळींत साताऱ्याच्या अंगणांतून मातीचे किल्ले उभे राहतात, तेव्हां मुलांपेक्षां बापाचेच हात अधिक चिखलानें माखलेले असतात. तें आम्ही कौतुकानें पाहतों. पण तोच गृहस्थ दिवाळी सरल्यावर टेबलाशीं बसून वीतभर मोटारीला चिमट्यानें आरसा बसवूं लागला, कीं "यांना दुसरा उद्योग नाहीं वाटतें" हा शेरा ठरलेला! हा शेरा अन्यायाचा आहे, एवढें सांगून आम्ही थांबणार नाहीं. कलाकृतीस जे प्रश्न विचारावयाचे तेच या छंदास विचारले असतां तो कोठवर टिकतो, हें पाहण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम त्याची कुळकथा. अमेरिकेंत ए. एम. टी. ही कंपनी 1948 सालीं निघाली आणि मोटारविक्रेत्यांस गिऱ्हाइकापुढें ठेवण्यासाठीं नव्या गाड्यांच्या लहान प्रतिकृति पुरवूं लागली. इंग्लंडांत एअरफिक्सनें 1949 सालीं फर्ग्युसन ट्रॅक्टरची प्रतिकृति काढली, तीहि विक्रीच्याच सोयीसाठीं. म्हणजे या छंदाचें कूळ जाहिरातींत सांपडतें. पण कुळावरून कलेची पारख करूं नये. तशी केली तर राजस्तुतींतून निघालेलें पुष्कळसें चांगलें काव्य आपणांस टाकून द्यावें लागेल. पुढें रेव्हेल कंपनीनें जुन्या मोटारींचे संच बाजारांत आणले, आणि 1958 च्या सुमारास ए. एम. टी.नें एकाच संचांतून तीन तऱ्हांची गाडी जुळवितां येईल अशी योजना केली. ही शेवटची गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. तीन वाटा पुढें आल्या कीं एक निवडावी लागते, आणि निवड आली तेथें रुचि आली.

संच म्हणजे पॉलिस्टायरीनच्या सुट्या तुकड्यांची चौकट. तुकडे चाकूनें सोडवावे, कड कानशीनें साफ करावी, सांध्यांत लांबी भरावी, कांचकागदानें घासावें, अस्तराचा हात द्यावा, आणि मग रंगास आरंभ करावा. येथील डिंक हा वास्तविक डिंक नव्हेच. तो प्लॅस्टिकला विरघळवितो, आणि दोन तुकडे एकमेकांत मुरून एक होतात. म्हणून येथें घडलेली चूक सहसा पुसली जात नाहीं. बोटाला लागलेला थेंब कांचेला लागला, कीं अंगठ्याची रेषा न् रेषा तेथें कायमची उमटते. वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम आहे.

सांगलीस आमचे एक स्नेही आहेत. त्यांच्या घरीं 1932 सालच्या फोर्ड गाडीची एक प्रतिकृति होती. संच त्यांच्या काकांनीं अमेरिकेहून आणलेला. गाडी जुळविली ती थोरल्या बंधूंनीं, वयाच्या चौदाव्या वर्षीं. ते बंधु पुढें तरुणपणींच वारले. ऑगस्ट 2019 च्या महापुरांत आयर्विन पुलापाशीं कृष्णेचें पाणी 57 फुटांवर चढलें, तेव्हां स्नेह्यांच्या घराचा तळमजला बुडाला आणि गाडीचें कपाटहि बुडालें. पाणी ओसरल्यावर संचाचा खोका लगदा होऊन गेला होता. गाडी मात्र गाळांत रुतलेली पण अभंग सांपडली. प्लॅस्टिक नासत नाहीं म्हणून आपण त्याला एरवीं नांवें ठेवतों. त्या दिवशीं त्या घरांत कोणी ठेवलीं नाहींत.

त्यानंतर स्नेह्यांनीं दोन वर्षें त्या गाडीचा जीर्णोद्धार केला. जुना रंग ब्रेक ऑइलमध्यें भिजवून सोडविला, कारण त्यानें रंग सुटतो आणि खालचें प्लॅस्टिक बहुधा शाबूत राहतें. सांधे उकलण्यासाठीं गाडी बर्फाच्या कप्प्यांत ठेविली. थंडीनें जुना डिंक ठिसूळ होतो. मऊ टायरांतलें तेल वर्षानुवर्षें झिरपून चाकांस खड्डे पडले होते, ते भरून काढले. हें सर्व काम इतकें सफाईचें आहे कीं, त्यांच्या हातास आम्ही मनःपूर्वक नमस्कार करतों. परंतु पुढच्या कांचेवर त्या चौदा वर्षांच्या मुलाच्या अंगठ्याचा ठसा होता. स्नेह्यांनीं ती कांच काढून नवी बसविली, आणि जुनी फेंकून दिली.

येथें आमचा त्यांच्याशीं मतभेद आहे, आणि तो आम्हीं त्यांच्या तोंडावर बोलून दाखविला आहे. त्यांचा युक्तिवाद असा कीं, डाग तो डाग. कारखान्यानें ठरविलेलें रूप गाडीस परत मिळवून देणें हाच जीर्णोद्धार. आमच्या गांवोगांवच्या देवळांत याच बुद्धीनें काळ्या पाषाणाच्या मूर्तीवर आणि खांबांवर ऑइल पेंट चढतो, आणि जुन्या पोथींतील अपरिचित शब्द लेखकप्रमाद समजून 'शुद्ध' केला जातो तोहि याच बुद्धीनें. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें 1919 ते 1966 इतकीं वर्षें खपून महाभारताची चिकित्सित आवृत्ति सिद्ध केली. तींत जेथें पाठ संशयित, तेथें खालीं नागमोडी रेघ दिली आहे. त्या रेघेंत जी नम्रता आहे ती आम्हांस जीर्णोद्धाराचा प्राण वाटते. आपण काय बदललें, काय राखलें आणि कोठें अंदाज केला, हें पुढच्यास कळलें पाहिजे. त्या गाडीचा कर्ता कारखाना नव्हता. कारखान्यानें तसल्या असंख्य गाड्यांचे तुकडे ओतले. ही एक गाडी ज्यानें केली त्याची सही त्या कांचेवर होती.

आतां दुसरें उदाहरण. साताऱ्याचे एक तरुण गृहस्थ संच वापरीतच नाहींत. फोमशीट, पुठ्ठा आणि प्लॅस्टिकचे पत्रे कापून ते एस. टी.ची लाल गाडी करतात, आणि तिच्यावर सातारा आगाराचें नांव काढतात. 1 जून 1948 रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर पहिली एस. टी. धांवली, त्या जुन्या घडणीची गाडी त्यांनीं छायाचित्रांवरून केली आहे. मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर 2023 मध्यें निरोप घेतलेली प्रीमियर पद्मिनी टॅक्सीहि त्यांच्या फळीवर उभी आहे. सध्यां ते 'मीरा' करीत आहेत. इचलकरंजीचे शंकरराव कुळकर्णी यांनीं 1949 सालीं या छोट्या मोटारीचा पहिला नमुना उभा केला आणि पुढें पाव शतक तींत सुधारणा केल्या. पण तिचें कारखान्यांत उत्पादन कधींच सुरू झालें नाहीं. जी गाडी बाजारांत आलीच नाहीं, तिचा संच कोण काढणार? ती हातानेंच केली पाहिजे.

या गृहस्थांचीं कामें सांगलीच्या स्नेह्यांच्या कामाइतकीं सफाईदार नाहींत. खिडक्यांच्या कडा जाड होतात. चाकें मूळ प्रमाणापेक्षां मोठीं वाटतात. ब्रशाचे फराटे दिसतात. हे दोष आम्ही झांकणार नाहीं. आवड खरी आहे एवढ्यावर हात वळत नाहीं, आणि लांबी व कांचकागद यांच्याशीं त्यांनीं अधिक सलगी करावयास हवी. तरीहि त्यांच्या एस. टी.च्या पायरीवर, चढणाऱ्यांच्या पावलांनीं रंग उडून जेथें पत्रा उघडा पडतो, तेथें त्यांनीं तेवढाच राखी ठिपका दिला आहे. तो कोणत्याहि संचाच्या सूचनापत्रांत सांपडणार नाहीं. तो त्यांनीं स्टँडवर उभें राहून पाहिलेला आहे, आणि पाहणें हाच सर्व कलांचा आरंभ होय.

तेव्हां आमचा निर्णय असा. नुसती जुळणी ही करमणूक आहे, आणि तींत कांहीं वाईट नाहीं. निवड आणि निरीक्षण आलें म्हणजे ती कला होऊं लागते. जीर्णोद्धार मात्र कलेहून अधिक जबाबदारीचें काम आहे, कारण तेथें दुसऱ्याची वस्तु आपल्या हातीं असते, आणि तो दुसरा पुष्कळदां बोलावयास उरलेला नसतो. दोघांनीं एकमेकांकडे थोडें शिकावें: साताऱ्यानें सांगलीकडून हात घ्यावा, सांगलीनें साताऱ्याकडून डोळा.

हा लेख लिहून झाल्यावर आम्हीं तो सांगलीच्या स्नेह्यांस वाचून दाखविला. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग त्यांनीं गाडी उलटी करून आमच्या हातीं दिली. तळाशीं बारीक अक्षरांत त्यांच्या बंधूंचें नांव होतें, आणि त्याखालीं नुकतीच लिहिलेली एक ओळ: कांच नवी आहे.